वाघमारे मॅडमला टाळी नको होती

वाघमारे मॅडमच्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. खोटं सांगत नाही. लातूरच्या एका कॉलेजच्या हॉलात सभा होती, समोर हार घातलेला फोटो, आणि एक साहित्यिक गृहस्थ माईकवर हात हलवून म्हणाले, "मराठवाड्याच्या मातीत स्पेन पेरणारी बाई गेली!" झालं. कडकडाट. मी पहिल्या रांगेत होतो. वाटलं, उठावं आणि त्या भल्या माणसाच्या हातातला माईक काढून घ्यावा. अरे, ज्या बाईनं शेवटची वर्षं टाळीचा धसका घेऊन काढली, तिच्याच फोटोसमोर टाळ्या पिटता? घरी येऊन मी बायकोजवळ तोंड सोडलं. ती म्हणाली, "मग तुमीच लिहा की. उगं माझ्यावर कामून चिडायलाव?" म्हणून लिहायला बसलोय.

माझं लातूरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. मला सगळे अप्पा म्हणतात. नाटकाशी माझा संबंध म्हणजे कुणी पोरं आली की वर्गणी द्यायची आणि तिकीट गल्ल्यात टाकून विसरून जायचं. एका दुपारी एक बुटकी, काटकुळी बाई कुकरची रिंग घ्यायला आली. सुती लुगडं, मनगटावर पुरुषाचं मोठ्या तबकडीचं घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भावावरून बोलत होतो. बाई ऐकत उभ्या राहिल्या आणि मधेच म्हणाल्या, "तुम्ही आत्ता जे म्हणालात ते परत म्हणा."

"काय म्हणालो?"

"न्यायचं तर न्या, न्हाई तर ठेवा."

मी म्हणालो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग विचारलं, "राजाचं काम करता का?"

"कोणता राजा?"

"स्पेनचा."

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणालो, "मॅडम, मला स्पेन कुठं हाय तेबी ठाऊक न्हाई."

"राजाला कुठं ठाऊक असतंय आपल्या राज्यात काय चाललंय? माझा राजा ओरडत नाही, अप्पा. तो भाव सांगितल्यासारखा निकाल देतो. सांजच्याला तालमीला या." आणि रिंग न घेताच गेल्या.

मी गेलो. का गेलो ते आजही सांगता यायचं नाही. त्या बाईला नाही म्हणायची सोयच नव्हती. तालमीच्या दारात त्या म्हणाल्या, "जयभीम, अप्पा." मी आमच्या लिंगायतांच्या रीतीनं म्हणालो, "शरणार्थ, मॅडम." तेव्हापासून आमचं हे असंच चाललं.

मॅडम मूळच्या लोह्याकडच्या. लातूरला कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. आणि म्हातारपणी माणसं देवाधर्माला लागतात तशा या स्पॅनिश भाषेला लागल्या होत्या. मोबाईलवर शिकत. मोबाईल एक वाक्य म्हणे, मॅडम म्हणत, मोबाईल म्हणे चूक. मग मॅडमचा पारा चढे. "चूक कशी? जिभेला हाड न्हाई म्हणून काय मोडून घेऊ का?" शेजारच्या काकू आमच्या बायकोला सांगायच्या, मॅडम खोलीत एकट्याच कुणाशी तरी भांडायलेत, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, सगळं पद्यात. गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका शहरात एक इज्जतदार, पैसेवाला माणूस असतो. सणाच्या दिवशी तो घरी नसताना एक परका घोडेस्वार दारात येऊन पाणी मागतो. त्याची बायको पाणी देते. एवढंच. पण लोक बोलायला लागतात. नवऱ्याला कळतं की बायकोची काही चूक नाही, तरी लोक बोलले म्हणजे अब्रू गेली, आणि गेलेली अब्रू रक्तानंच धुवायची असते, म्हणून तो तिला मारतो. सकाळी राजा येतो. सगळं ऐकून घेतो, आणि म्हणतो, "तू तुझ्या घराची अब्रू राखलीस," आणि स्वतःच्या अंगावरचा शेला त्या नवऱ्याच्या खांद्यावर घालतो. पडदा. तो शेला घालणारा राजा म्हणजे मी.

लोक विचारायचे, "मॅडम, आपल्याकडं काय नाटकं न्हाईत का?" मॅडम म्हणत, "आपल्याकडचं घेतलं की लोक आधी विचारतात, बाई कुणाची, गाव कोणतं, जात कोणती. मग ठरवतात रडायचं का नाही. स्पेनचं म्हटलं की निवांत बसतात. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं पाहिजे की आपण आपल्याच ओसरीवर बसलोय."

भाषांतर त्यांनी पिठाच्या गिरणीत केलं. अक्षरशः. दळणाच्या रांगेत बसून बायकांना ओळी वाचून दाखवायच्या. कुणी "हे काय बाई पुस्तकातलं" म्हटलं की तिथल्या तिथं ओळ खोडायची. बायकोच्या तोंडचं सगळं पद्य त्यांनी ओवीत आणलं, नवऱ्याचं मात्र भाषणासारखं ठेवलं. जो भेटेल त्याला विचारायच्या, "तुमची अब्रू कुठं असती हो?" रिक्षावाला म्हणाला, घरात. एक शिंपी म्हणाला, चार लोकांत. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, दुकानाच्या पाटीवर. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांनी बाईच्या पदराला बांधून ठेवलीय, अप्पा. पदर तिचा आन् गाठ यांच्या हातात."

त्यांची एक सवय आम्हाला आधी विचित्र वाटायची. खेळ चालू असताना त्या स्टेजकडं कधीच बघत नसत. विंगेत काळ्या पडद्याला त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक पाडलेलं असे. पडदा घरचा, तो पिशवीत घालून गावोगाव न्यायचा. आमच्याकडं पाठ करून त्या भोकातून त्या खेळभर लोकांना बघायच्या. तोंडात बडीशेप. कुणी म्हटलं, मॅडम, आज माझं काम बघा हो, तर म्हणायच्या, "तुझं काम मी तालमीत बघितलंय. आता लोकांचं काम बघू दे."

पहिला खेळ नांदेडला, स्पर्धेत. नवऱ्याचं काम करायचा दिगंबर. जिल्हा परिषदेत क्लार्क, इतका गरीब की बायकोनं फोन केला की उभा राहून बोलायचा. पण स्टेजवर गडी पेटायचा. बायकोच्या कामाला नसरीन, नांदेडचीच, शाळेत शिकवणारी. तिची ओवी संपली, दिगंबरनं तलवार उचलली, नसरीन पडली, आणि सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "असंच पायजे!" मी राजाच्या वेषात विंगेत उभा. मला वाटलं, आपलं नाटक उचललं लोकांनी. छाती फुगली माझी. मॅडमकडं बघितलं तर त्यांनी भोकावरून डोळा काढला होता आणि पडद्याला कपाळ टेकून उभ्या होत्या.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. पोरं गुलाल आणायला धावली. मॅडम सापडेनात. शोधलं तर थिएटरच्या मागं नळाखाली तोंड धूत होत्या. दिगंबर पाया पडायला वाकला तर त्याचा दंड धरून म्हणाल्या, "इतकं चांगलं कामून मारतोस रे तू?"

तो बिचारा गांगरला. "मॅडम, तुमीच शिकवलंय."

"व्हय. मीच शिकवलंय," त्या म्हणाल्या, आणि परत तोंडावर पाणी मारायला लागल्या.

तिथून पुढं त्या बाईचं एकच चाललं. एक खेळ असा झाला पाहिजे की ती पोरगी मेल्यावर टाळी वाजणार नाही. बस. दुसरं काही नको. दर खेळाला काहीतरी बदलायच्या. तलवार काढून टाकली, नुसता हात ठेवला. टाळी. मारणं अंधारात घेतलं, नुसता आवाज. अंधारात तर जास्तच शिट्ट्या. नवरा मारताना रडतो असं केलं, तर बायामाणसंसुद्धा म्हणाली, बिचाऱ्याला किती जड गेलं असंल. त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत. ज्वारीची भाकरी आणि ठेचा समोर तसाच. मी म्हणालो, "मॅडम, लोक कामाला टाळी देत असतील. खुनाला न्हाई." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेलो.

उदगीरचा खेळ मी कधी विसरणार नाही. आमच्याच व्यापारी मंडळींनी ठेवला होता, माझ्याच ओळखीनं. मैदानात मांडव, पुढं सोफे. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. कुणाचं गाणं, भाषण, काहीही आवडलं की मधेच उठायचं आणि स्टेजवर जाऊन माणसाचा सत्कार करायचा. तर नसरीन पडली, टाळ्या झाल्या, आणि सोफ्यावरचे एक प्रतिष्ठित गृहस्थ उठले, सोबत दोघं. तरातरा स्टेजवर आले. निवेदकानं बाजूच्या माईकवरून खुशाल जाहीर केलं, "नायकाच्या कामगिरीवर खूश होऊन आपले सर्वांचे लाडके अण्णा त्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करत आहेत!" दिगंबरला काय सुचेना. समोर नसरीन मरून पडलेली, आणि हा वाकून टोपी घालून घेतोय. फोटो काढला. फोटोसाठी नीट उभं राहता यावं म्हणून एकानं नसरीनच्या पायावरून पाय टाकला. परत टाळ्या. मग माझी एन्ट्री. टॉवेल-टोपीतल्या खुन्याच्या खांद्यावर मी माझा शेला घातला. माझं वाक्य कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही.

लाज वाटली. माझी माणसं, माझं नाव. मी मॅडमला म्हणालो, "आता शेवट बदला. माझा राजा त्याला फाशी देऊ द्या. लोकायला चपराक बसंल." सगळ्या पोरांचं तेच म्हणणं होतं. दिगंबर तर म्हणाला, "मला फाशी चालती, मॅडम. मला ती टोपी नको."

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. "फाशी दिली की लोक समाधानानं घरी जातील. चला, न्याय झाला, झोपा. मी झोपू देणार न्हाई. चारशे वर्षांपूर्वी त्या राजानं शेला घातला होता, आजबी घालायलेत, तो अण्णा आत्ता घालून गेला! मी त्याला फाशी कुठून देऊ? कुणाला झाली, सांगा ना मला!" ओरडता ओरडता त्यांचा आवाज फुटला. 

नंतर बरेच दिवस खेळ नाही. मला वाटलं, संपलं. मग किनवटच्या एका निवासी शाळेतून बोलावणं आलं. भर दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, समोर सगळ्या वसतिगृहातल्या मुली. तिथं टाळी वाजली नाही, पण मॅडमनं तो खेळ हिशेबात धरला नाही. म्हणाल्या, शाळेतल्या बाईंच्या धाकानं गप बसली लेकरं. खेळ संपल्यावर मुलींना विचारलं, काही विचारायचंय का. एक वेण्यांची पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, त्या बाईचं माहेर कुठं होतं? मेल्यावर कुणीच कसं आलं न्हाई?"

 इतके दिवस मॅडमनं ते नाटक घोटलं होतं, आणि नाटकात तिच्या माहेराचा शब्दच नाही.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी पुढं, त्या मागं खिडकीशी. रानातून गाडी चालली होती. त्या आपणहून बोलायला लागल्या. मी मागं वळलो नाही.

"अप्पा, मला एक बहीण होती. सुमन. धाकटी. लोह्याच्या पलीकडं दिली होती. घरी कुणी नसताना एका ओळखीच्या पोराशी दारात उभी राहून बोलली म्हणे. तेवढंच. दोन दिवसांनी निरोप आला, विहिरीत पाय घसरला. आमचे दादा, म्हणजे वडील, लोह्याच्या बाजारात उतरून माहेरचं लुगडं घेऊन गेले. लेक गेली की माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालतात ना, म्हणून. पोचले तर राख झाली होती. सासरचे थांबले न्हाईत. आन् वाटेवर लोक दादांना काय म्हणाले माहितीय? आपलीच माणसं, आपल्याच समाजाची, माझ्या बापाच्या पाया पडणारी. म्हणाले, पाहुण्यानं, म्हणजे आमच्या जावयानं, घराची अब्रू राखली. लुगडं पिशवीत घालून दादा परत आले. हे घड्याळ त्यांचंच."

 मी एवढंच म्हणालो, "मॅडम, ते लुगडं?"

"हाय की. घडीसुद्धा मोडली न्हाई."

त्यानंतरचा खेळ त्यांनी स्वतः ठरवला. लोह्याला. आम्ही सगळे घाबरलो होतो, तरी निघालो. बाजाराचा दिवस, शाळेचं मैदान, दिवेलागणीची वेळ. माणसं मावेनात. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. मॅडमनं भोकाचा पडदा बांधलाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज मी बघणार न्हाई. बघून बघून डोळे गेले."

नसरीननं ओवी म्हटली. दिगंबरनं हात उचलला. ती पडली. आणि टाळ्या! उदगीरहून जास्त. पोरं उभी राहून शिट्ट्या मारायलीत.  आता तुतारी वाजणार आणि मी जाणार, तेवढ्यात मॅडम माझ्या शेजारून पुढं गेल्या. पायातल्या चपला विंगेत काढल्या. पिशवीतून ते लुगडं काढलं. हिरवं, लाल काठाचं, घडीवर पांढऱ्या रेघा पडलेलं.

ही बाई कधी स्टेजवर गेलेली नव्हती. बक्षीस घ्यायलासुद्धा आम्हालाच पाठवायची. ती उजेडात गेली, नसरीनजवळ मांडी घालून बसली, घडी मोडली आणि लुगडं हळूहळू तिच्या अंगावर पसरलं. पायापासून गळ्यापर्यंत. मग तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. 

आपल्याकडं माणसाला हे सांगावं लागत नाही. बायकांच्या बाजूनं आधी एक आवाज आला, "आगं माय." मग तो सगळ्या बाजूनं पसरला. शिट्ट्या थांबल्या. गड्यांतले जे उभे होते ते खाली बसले. तुतारीवाला पोरगा तुतारी खाली घेऊन उभा. मी तसाच आत गेलो. पण माझ्या तोंडून वाक्य निघेना हो. समोर ते हिरवं लुगडं. हातात शेला. 

मॅडमनं वर बघितलं. एकदम शांत म्हणाल्या, "बोला, अप्पा. तुमचं वाक्य हाय."

"न्हाई बोलवत, मॅडम."

"बोला. त्यांना ऐकू द्या."

बोललो. भाव सांगतो तसा बोललो. "तू तुझ्या घराची अब्रू राखलीस." शेला दिगंबरच्या खांद्यावर घातला.  पडदा ओढायचं कुणाला सुचलं नाही. एवढी माणसं, आणि बाजारातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

आणि मग शेवटच्या रांगेतून टाळी वाजली. एका माणसाची. तो वाजवत राहिला थोडा वेळ. आजूबाजूचे वळून त्याच्याकडं बघायला लागले. कुणी साथ दिली नाही. त्याचा हात हळू झाला आणि थांबला. मला इतका संताप आला की मुकुट फेकून मारावासा वाटला. मॅडम मात्र लुगड्यावर हात ठेवून तिकडंच बघत होत्या. पुटपुटल्या, "एकटा पडला."

लोक बोलत नव्हते, नुसते उठून जात होते. नसरीन लुगड्याखालीच रडत होती. तिनं लुगडं घडी घालून परत द्यायला घेतलं तर मॅडम म्हणाल्या, "माहेरचं परत न्यायचं नसतं, बाळा. ठेव तुला." आम्ही सामान जीपमध्ये भरलं. ड्रायव्हर घाई करायला लागला. बघतो तर मॅडम अनवाणीच मैदानातून मागं चाललेल्या.

मी पळत गेलो. "मॅडम, कुठं निघालात? जीप उभी हाय."

"तो गेला न्हाई अजून. बसलाय बघा."

खरंच बसला होता. साधा माणूस. पांढरा सदरा, पायाशी बाजाराची पिशवी. मी म्हणालो, "असू द्या की. एकटाच तर हाय."

"म्हणूनच. एकटा हाय तोवर विचारून घेते."

पुढं थंडीच्या दिवसांत मॅडमच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मी तेव्हा गावाला होतो, मला त्या दिसल्या नाहीत. माझ्यापुरती त्यांची शेवटची आठवण लोह्याच्या मैदानातलीच. पोरं खुर्च्या एकावर एक रचत होती. मॅडमनं त्यातली एक ओढली, त्या माणसाच्या समोर मांडली आणि बसल्या. काहीतरी विचारलं.  मग त्यांनी पिशवीतून बडीशेपेची डबी काढली, उघडली आणि त्याच्यापुढं धरली. जीपचा हॉर्न वाजला, त्यांनी मान वळवली नाही. त्या माणसानं डबीकडं बघितलं, आणि मग आत्ता टाळ्या वाजवलेला तोच हात पुढं केला.